काळ्या चित्रपटाची पहिली सात मिनिटं

जयपूर, ९ ऑगस्ट १९८७

चि. सुलोचना,

तुझं पत्र पोचलं. सुरुवातीला 'सप्रेम जयभीम, काकाजी' असं लिहिलं आहेस. माझाही जयभीम घे. उच्चाराची हमी देतो, बाकीचं पुढे पाहू. 'काकाजी' मात्र खोडून टाक. काका हा शब्द मुळातच पुरेसा म्हातारा आहे, त्याच्या हातात आणखी काठी कशाला? 'मतलब' चार पानांत अकरा वेळा आला आहे. तीस वर्षं संस्कृत शिकवल्यावर माणूस दुसऱ्याचे शब्द मोजत बसतो, त्याला इलाज नाही. द्वारकाआत्याकडे राहून दोन वर्षं झाली तरी नागपूरनं तुझं मराठी सुधारलं नाही, याचा मला थोडा आनंदच झाला. म्हणजे जयपूरनं बिघडवलेलं पक्कं होतं.

तर कॉलेजात फिल्म क्लब काढते आहेस, आणि पहिल्या वर्षी फक्त फिल्म न्वार. तुझे बाबा आणि मी त्यांना 'काळे चित्रपट' म्हणायचो. कुठून सुरुवात करावी, लोकांना काय सांगावं, याची वाट दाखवणारी वही हवी म्हणतेस, कारण 'बाबा या विषयावर काहीच बोलत नाहीत.' आणि मग शेवटच्या पानाच्या समासात, आडवं, बारीक अक्षरात: 'बाबांनी ती फिल्म का कापली होती? मी विचारलं की म्हणतात, काकांना विचार.'

समासातल्या प्रश्नांना आमच्या शाळेत गुण नसतात. आधी वहीचं बघू.

नावांच्या याद्या पाठ करू नकोस. जे मिळेल त्यापासून सुरुवात कर. हे चित्रपट एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत, एकाच्या घरी गेलीस की दुसऱ्याचा पत्ता मिळतो. पहिल्यांदा बघताना गोष्ट नीट समजली नाही तर घाबरू नकोस. ती बनवणाऱ्यांनाही कधीकधी समजलेली नसते. उजेड कुठून येतो ते बघ. खिडकीच्या पट्ट्यांतून आला तर त्या खोलीतला माणूस अडकलेला आहे, त्याला अजून माहीत नसलं तरी. एकच दिवा असेल तर कुणीतरी खोटं बोलतं आहे. आणि कथा सांगणारा आवाज असेल, बहुतेक असतोच, तर तो काय सांगतो याच्याआधी तो सुरुवात कुठून करतो ते बघ. हे शेवटचं मला तुझ्या बाबांनी शिकवलं. मी ते नीट शिकलो नाही.

एकोणीसशे चौऱ्याहत्तरात पार्सल ऑफिसातल्या एका कारकुनानं संस्कृतच्या मास्तराला ओढून इंग्रजी चित्रपटाला नेलं, ही गोष्ट रेल्वे कॉलनीत बरेच दिवस चवीनं सांगितली जायची. हॉलचे पंखे बंद, कारण चालू ठेवले तर पडदा हलायचा आणि नायिकेला विनाकारण कंप सुटायचा. एप्रिल महिना. मी घामानं भिजलेला, आणि समोर एक भला माणूस स्वतःच्या पायांनी, डोळे उघडे ठेवून खड्ड्यात चाललेला. आमच्या जुन्या आचार्यांनी नायकाचा मृत्यू रंगमंचावर दाखवायला मनाई केली आहे आणि शेवट गोड करायची आज्ञा दिली आहे. मी बाहेर येऊन तुझ्या बाबांना म्हणालो, हे शास्त्राला धरून नाही. ते म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुमच्या नाटकात राजा चुकतो, तर शाप आडवा येतो. इथं माणूस चुकतो ते स्वतःच. म्हणून लोक येतात."

क्लबात भाषण करावं लागलं तर हेच सांग. कुणाचं वाक्य आहे ते सांगायला विसरू नकोस.

तुझा
रंगनाथकाका

जयपूर, ६ सप्टेंबर १९८७

चि. सुलोचना,

या वेळी 'मतलब' तीनदाच. प्रगती आहे. पण समासातला प्रश्न आता पानाच्या मधोमध आला आहे, आणि त्याच्याबरोबर आणखीही बरंच. शाळेत मुली तुला 'कैंचीवाले की बेटी' म्हणायच्या, हे मला माहीत नव्हतं. खोटं कशाला लिहू, एकदा कानावर आलं होतं. तू तेरा वर्षांची होतीस, शाळेच्या नळापाशी उभी होतीस, आणि मी स्टाफरूमकडे वळलो.

तू लिहितेस: 'दुसऱ्यांच्या फिल्मी हातात घ्यायच्या आधी मला कळलं पाहिजे, मी कोणाची मुलगी आहे. सुट्टीत बाबांकडे जायचं मी टाळते. गेले की आम्ही दोघं हवापाण्यावर बोलतो, आणि तिथं हवा एकच आहे, पाणी नाहीच.'

हे वाक्य चांगलं आहे. ते चांगलं आहे असं तुला कळवण्यापलीकडे मला या आठवड्यात काही जमेल असं वाटत नाही.

वहीत पुढचं लिहून ठेव. लोक विचारतील, एवढा अंधार बघायला पैसे देऊन कोण येईल? दिवसभर सगळे आपल्याला सांगतात की नीट वागलं की नीट होतं. संध्याकाळी कुणीतरी पडद्यावर कबूल करतं की तसं नाही. त्यात एक विश्रांती असते. शिवाय ज्याचं सगळं हरून झालं आहे त्याचा आवाज फार शांत असतो, तो ऐकावासा वाटतो. नवरसांत हे कुठं बसवावं यावर तुझे बाबा आणि मी आमेरच्या बसमध्ये तासभर भांडलो होतो. मी म्हणालो करुण. ते म्हणाले, करुणात रडणाऱ्याची चूक नसते, इथं असते. मग दहावा रस काढा म्हणाले. कंडक्टरनं आम्हाला हळू बोलायला सांगितलं.

आणि व्हीसीआरवर दाखवणार असशील तर खिडक्यांना जाड कागद लाव. काळा रंग राखाडी दिसला की सगळी माणसं निर्दोष वाटायला लागतात.

अनुसयाकाकू विचारते आहे की एवढं काय लिहिताय, पत्र की प्रश्नपत्रिका. प्रश्नपत्रिका तू पाठवली आहेस असं तिला सांगितलं. ती म्हणाली, मग उत्तरं लिहा.

रंगनाथकाका

जयपूर, ११ ऑक्टोबर १९८७

सुलोचना,

फिल्म तुझ्या बाबांनी कापली नाही. मी कापली.

वरचं वाक्य लिहून मी उठलो, पाणी प्यालो, परत बसलो. ते अजून तिथंच आहे. आता बाकीचं.

आपल्या रेल्वे कॉलनीच्या चित्रपट मंडळाला रिळं दिल्लीहून यायची, एका परदेशी वकिलातीच्या ग्रंथालयाकडून, लोखंडी पेटीत, पार्सलनं. पार्सल सोडवणं, पेटी उघडणं, खेळ झाला की परत पाठवणं, हे काम चिटणीस म्हणून तुझ्या बाबांचं. पेटी आली की रिळं तपासून ठेवायची, ही आमची पद्धत होती. आमच्या आधी ज्यांनी खेळ केला असेल त्यांनी रिळं उलटसुलट भरलेली असायची. एकदा आम्ही न तपासता लावली, तर नायिका आधी मेली आणि मग तिचं लग्न झालं. हॉल हसून लोळला. वकिलातीचा पाहुणा पुढच्या रांगेत बसला होता.

फेब्रुवारी ऐंशीच्या एका शनिवारी बाबांना अचानक ड्यूटी लागली. मला चावी देऊन म्हणाले, तेवढी रिळं बघून ठेव. मी दुपारी हॉलवर गेलो. झडपा लावल्या, दिवा लावला, हातानं फिरवायच्या चाकांवर पहिलं रीळ चढवलं आणि भिंगातून चित्रं बघत बसलो. आवाज नाही, नुसती चित्रं.

पहिल्या रिळाच्या तोंडाशीच एक माणूस, हातांत बेड्या, टेबलापाशी बसून पत्र लिहितो आहे. शिपाई दारात उभा. सात मिनिटं हेच, मधे थोडं इकडेतिकडे. आणि लगेच पुढच्या दृश्यात तोच माणूस मोकळा, हसतो आहे, बंदरावरच्या कचेरीत हॅट टांगतो आहे. मी भिंग पुसलं. परत बघितलं. बेड्या आधी, गुन्हा नंतर. मला वाटलं, मागच्या मंडळींनी फक्त रिळं बदलली नाहीत, तर कुठल्या तरी शहाण्यानं तुटलेली फिल्म चुकीच्या जागी जोडून दिली आहे.

सहा वर्षं हे चित्रपट बघत होतो, सुलोचना. मागे जाऊन सांगणं मी शंभर वेळा पाहिलं होतं. पण तेव्हा आवाज असायचा, तो हात धरून मागे न्यायचा. आवाज नसताना माझ्यातला विद्यार्थी जागा झाला: कारण आधी, कार्य नंतर. मी ब्लेड घेतलं. सात मिनिटं कापली, शेवटच्या रिळाच्या शेवटी नेऊन फिल्म चिकटवायच्या सिमेंटनं जोडली. मला फार अभिमान वाटला. बाबांना न सांगता खेळ वाचवला होता.

संध्याकाळी खेळ सरळ गेला. बाबांनी तो चित्रपट आधी पाहिलेला नव्हता. गुन्हेगार शेवटी पकडला गेला, कॉलनीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. फक्त तुझे बाबा यंत्रापाशी उभे राहून म्हणाले, "शेवट लांबला जरा. आणि हा सुरुवातीपासून कुणाशी बोलत होता?"

दोन आठवड्यांनी दिल्लीहून पत्र आलं. प्रिंट दोन ठिकाणी कापलेली, मंडळाला यापुढे काही मिळणार नाही. हॉल रेल्वेचा, म्हणून प्रकरण वर गेलं. आधी मंडळाची समिती बसली. तिथं मी गप्प बसलो. बाबांवर ठपका आला, तो नोकरीच्या कागदावर चढला, आणि दिवसाला दोन गाड्या थांबतात अशा स्टेशनावर त्यांची बदली झाली. बढतीची यादी त्याच वर्षी निघाली. तीत ते नव्हते.

नोकरीच्या भीतीनं गप्प बसलो असतो तर मला ते लिहायला सोपं गेलं असतं. माझी नोकरी पक्की होती. मला भीती होती ती हसण्याची. संस्कृतच्या पंडितानं चित्रपटाचा शेवट शेवटी नेऊन ठेवला! वर्गात, बाजारात, कीर्तनाला, सगळीकडे हेच झालं असतं.

आता तू कोणाची मुलगी आहेस ते तुला कळलं. सुट्टीत बाबांकडे जा.

रंगनाथ

जयपूर, २८ डिसेंबर १९८७

सुलोचना,

दोन महिने तुझं काही आलं नाही, ते योग्यच होतं. मग तीन ओळी आल्या: 'बाबा मार्चमध्ये रिटायर होतात. कागदावर ते अजून तसंच आहे. तुम्ही लिहून द्याल?' संबोधन नव्हतं. 'मतलब' एकदाही नव्हता.

मी लिहून काढलं. फुलस्केप दोन पानं, शुद्ध, तारीखवार. फेब्रुवारीच्या शनिवारपासून सुरुवात, शेवटी खेद. स्वतःला दोष देताना शब्दांची कंजुषी केली नाही. सरळ वर पाठवायच्या आधी बाबांना दाखवावं म्हणून काल सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. सात वर्षांत तो रस्ता एकदाही केला नव्हता. फुलेरा जंक्शनपुढे डब्यात मी आणि दोन मेंढपाळ, एवढेच उरलो.

बाबा पार्सलच्या खोलीत होते. खोलीत पार्सल नव्हतं. केस पांढरे झाले आहेत, तू बघतेसच. मला बघून आश्चर्य दाखवलं नाही. "बसा," म्हणाले. पूर्वी आम्ही एकमेकांना अरे-तुरे करायचो, 'शास्त्रीबुवा, तुमच्या' हे फक्त टोमण्यापुरतं. आता 'बसा' होतं, आणि त्यात टोमणा नव्हता.

घरी नेलं. कलावतीवहिनींनी चहा दिला, "अनुसयाताई बऱ्या आहेत का?" विचारलं आणि आत गेल्या. मी कागद पुढे केला. बाबांनी चष्मा लावला, दोन्ही पानं सावकाश वाचली, एकदा मागे जाऊन परत वाचली. आठवतं ना, रीळ तपासताना ते असंच करायचे. मग कागद घडी करून माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, सही करतो, तू फक्त वर पाठव.

ते म्हणाले, "तुम्ही परत तेच केलंत."

काय केलं, ते मी विचारलं. त्यांनी सांगितलं. एकच वाक्य होतं.

कागद परत घेऊन आलो. ते वाक्य आज लिहवत नाही.

रंगनाथ

जयपूर, २९ डिसेंबर १९८७

सुलोचना,

बाबा म्हणाले, "'गप्प बसलो' असं लिहिलंय. तुम्ही गप्प कुठं बसला होतात?"

तुलाही मी ऑक्टोबरात तेच लिहिलं होतं. बारकाईनं वाच, सगळं कबूल केलं आहे: ब्लेड, सिमेंट, अभिमान, हसण्याची भीती. जे कापायचं होतं ते मधूनच कापून टाकलं होतं, आणि जोड इतका साफ बसला की माझा मलाही दिसेनासा झाला होता.

तेव्हा आता शेवटापासून सांगतो.

समितीचे पाच जण टेबलाभोवती होते. अध्यक्ष इथलेच होते, मराठी न येणारे, म्हणून सगळं हिंदीत. दिल्लीचं पत्र वाचून झालं. बैठकीच्या आदल्या दिवशी मी तुझ्या बाबांना सगळं सांगितलं होतं. स्टेशनबाहेरच्या टपरीवर. ते आधी रागावले, मग इतके हसले की कपातला चहा सांडला. म्हणाले, "उद्या सांगून टाक. लोक हसतील, मी पण हसेन, चार दिवसांत मिटेल." त्यांना वाटलं होतं तेवढंच आहे. तेवढंच होतंही.

अध्यक्षांनी विचारलं, "पेटी किसने खोली थी?"

तुझ्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं, हं, चल, बोल, अशा अर्थानं. ओठांच्या कडेला कालचं हसू अजून होतं.

मी म्हणालो, "पार्सल तो भीमरावजी ही छुड़ाते हैं। पेटी भी वही खोलते हैं।"

वाक्य खरं होतं, सुलोचना. नेहमी तेच उघडायचे. त्या एका शनिवाराखेरीज. इतकं खरं वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललेलो नाही.

ते हसू कसं गेलं, ते मी पाहिलं. काळ्या चित्रपटांत दिवा असा विझत नाही, तिथं निदान आवाज होतो. अध्यक्षांनी त्यांना विचारलं, ऐसा है? ते "जी" म्हणाले.

परवा त्यांच्या घरी मी त्यांना विचारलं, तेव्हा तू का बोलला नाहीस? माझं नाव घ्यायचंस. ते म्हणाले, "घेऊन काय झालं असतं? एका बाजूला शास्त्री, पूजाअर्चा, पंचवीस वर्षांची शाळा. दुसऱ्या बाजूला मी. ब्लेड कुणाच्या हातात शोभतं, हे त्या टेबलानं आधीच ठरवलं होतं. तुम्ही ते जाणून बोललात." मी म्हटलं, तसं काही माझ्या मनात नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "मनात नव्हतं. हाताशी होतं."

यावर मी काही बोललो नाही. तेवढं एकदा खरोखर गप्प बसलो.

मी कागद नव्यानं लिहितो म्हणालो, त्या वाक्यासकट. ते नको म्हणाले. तीन महिने उरले आहेत, या वयात बढती घेऊन काय करू. आणि मला सोडायला स्टेशनच्या फाटकापर्यंत आले. गाडी यायला वेळ होता. आम्ही दोघंही सिग्नलकडे बघत उभे होतो. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरीला लिही. शेवटापासून लिही. ती कशाला तुझ्या व्याकरणाचं भोगते?"

'तुझ्या' म्हणाले. ते मला माफीसारखं वाटलं नाही, आणि तूही तसं समजू नकोस. जुनी सवय सुटून गेली असेल, एवढंच. पण मी ते गाडीभर धरून बसलो.

नवा कागद मी त्यांच्या 'नको'ला न जुमानता आज सकाळी वर पाठवला. पोच मिळाली आहे. इतक्या जुन्या प्रकरणाचे कागद ठेवत नाहीत, असं खिडकीवरच्या बाबूनं सांगितलं. तरी ठेवून घेतला. अनुसयाला ते वाक्य काल संध्याकाळी सांगितलं. तिला सात वर्षं ब्लेडचं माहीत होतं, धोतरावरचा सिमेंटचा डाग तिनंच घासून काढला होता. हे माहीत नव्हतं. आज माझ्या ताटाजवळ बसली नाही.

सोबत एक बारीक पुडी आहे. जोड देताना चार चित्रांचा तुकडा वाया गेला होता, तो मी फेकला नव्हता. व्याकरणाच्या वहीत खूण म्हणून घालायचो. तुझ्या क्लबाचा पहिला खेळ आठ तारखेला आहे ना? त्या दिवशी लोकांना काय सांगायचं ते तू ठरव. हे पत्र वाचून दाखवायचं असेल तर दाखव, माझ्या नावासकट. हवं तिथून वाच. मधलं कापू मात्र नकोस.

तुकडा उजेडासमोर धर. भिंग लागेल. टेबलापाशी एक माणूस बसला आहे, हातांत बेड्या. चारही चित्रं सारखीच वाटतील. नीट बघितलंस तर लेखणी कागदाला टेकलेली दिसेल.

त्यानं अजून काहीच लिहिलेलं नाही.

रंगनाथ